टाळेबंदी आणि ताळेबंद

२०२० च्या मार्चअखेरीला आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलाने विचारलं, "मॅडम, ताळेबंदी अजून किती दिवस?" मी सवयीने दुरुस्ती केली. टाळेबंदी म्हणजे कुलूप लावणं, आणि ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट, जो तू गेल्या सत्र परीक्षेत जुळवला नव्हतास. ग्रुपवर हसरे चेहरे उमटले आणि विषय संपला.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात अकाउंट्स शिकवते. मेंटॉर म्हणून ६२ मुलामुलींची नावं माझ्या नावापुढे होती. त्या पोराची चूक पुढे माझ्या फार कामी आली. टाळेबंदीत मुलांचं मन कसं सांभाळायचं हे मानसशास्त्राच्या भाषेत वाचताना माझ्या डोक्यात शिरत नव्हतं, ते हिशेबाच्या भाषेत शिरलं. इथेही त्याच भाषेत सांगते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मन स्वस्थ असणं म्हणजे आनंदात असणं नव्हे. कॉलेज बंद, परीक्षा लटकलेली, घरात आजी आजारी, अशा वेळी उदास वाटलं तर तो आजार नाही. पुरेशी झोप लागते का, भूक लागते का, हातातल्या कामात थोडा वेळ तरी लक्ष राहतं का, माणसांशी बोलावंसं वाटतं का, पुढच्या आठवड्याचा विचार करता येतो का, एवढं पाहायचं. 'सकारात्मक राहा' म्हणणाऱ्यांना हा फरक कळला असता तर त्या दोन वर्षांत निम्मे फॉरवर्ड कमी आले असते.

आता हिशेब. आपण यंत्र घेतो तेव्हा ते पहिल्या दिवसापासून झिजायला लागतं. झीज डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दर वर्षी आम्ही ती घसारा म्हणून वहीत लिहितो. शरीराचंही तसंच असतं. संकट दिसलं की ॲड्रिनलिन, कॉर्टिसॉल अशी संप्रेरकं वाढतात, छाती धडधडते, रक्तात साखर येते, माणूस पळायला किंवा लढायला तयार होतो. संकट गेलं की सगळं पूर्ववत होतं. ही फार चांगली सोय आहे, पण थोड्या वेळासाठी केलेली. संकट महिनोन्‌महिने संपलंच नाही, तर तीच सोय झोप, पचन, स्मरणशक्ती, चिडचिड या सगळ्यावर वसुली काढते. ब्रूस मॅक्‌इवेन आणि एलियट स्टेलर या संशोधकांनी १९९३ मध्ये या झिजेला 'ॲलोस्टॅटिक लोड' असं नाव दिलं. मी वर्गात घसारा म्हणते, मुलांना लगेच कळतं.

ज्याने एप्रिलमध्ये हसतखेळत पाच विषयांच्या नोट्स काढल्या, तोच मुलगा ऑगस्टमध्ये तासाला आंघोळ न करता बसतो, ते यामुळे. ऑगस्टमध्ये वेगळं काही घडलेलं नसतं. तोवर घसारा साठलेला असतो, इतकंच.

पुण्याला शाळा-कॉलेजं बंद होण्याचा अनुभव नवा नव्हता. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हाही काही दिवस वर्ग बंद होते, तोंडाला फडकी बांधून लोक फिरत होते. पण ते दिवस मोजके होते. २०२० मध्ये तारीखच हलत राहिली. आधी १४ एप्रिल, मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे. जूनमध्ये जरा श्वास घेतला तोच पुणे आणि पिंपरी-चिंचवडला १३ जुलैच्या मध्यरात्रीपासून २३ जुलैपर्यंत पुन्हा कुलूप. माझ्या मुलांचा धीर मार्चमध्ये सुटला नव्हता, तो या जुलैत सुटला.

याला कारण आहे. त्रास किती आहे यापेक्षा त्यावर आपला काही ताबा आहे का, आणि तो कधी संपणार, या दोन गोष्टी माणसाला जास्त थकवतात. अंटार्क्टिकासारख्या ठिकाणी महिनोन्‌महिने कोंडून राहणाऱ्या तुकड्यांबद्दल अभ्यासकांनी एक निरीक्षण १९९१ मध्ये मांडलं होतं: मुक्कामाचे चार सारखे टप्पे केले, तर निम्मा काळ उलटल्यानंतरच्या तिसऱ्या टप्प्यात मन सर्वांत खचतं. सुरुवातीचं नवल संपलेलं असतं आणि शेवट अजून दूर असतो. नंतरच्या अभ्यासांत हे दर वेळी तसंच दिसलं नाही, हेही खरं. पण त्या तुकड्यांना निदान परतीचं जहाज कधी येणार हे ठाऊक असतं. आमच्या मुलांना आपण कितव्या टप्प्यात आहोत हेच कळत नव्हतं.

त्यात परीक्षा. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच, सरासरीने गुण दिले. शेवटच्या वर्षाच्या पदवी परीक्षा राज्याने नको म्हटल्या, ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने हव्यात म्हटल्या, आणि २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही. या चार-पाच महिन्यांत माझी तिसऱ्या वर्षाची मुलं अभ्यास करत होती की नव्हती? दोन्ही. सकाळी करत होती, संध्याकाळची बातमी पाहून सोडत होती.

सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ या भागात कॉट बेसिसवर राहणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांचं तर विचारूच नका. एका खोलीत चार कॉट, अभ्यासिका बंद, मेस बंद, गावाकडून फोन की 'येऊ नकोस, इथे शाळेत ठेवतील चौदा दिवस'. बीडकडचा एक मुलगा, माझा जुना विद्यार्थी, तीन दिवस बिस्किटं आणि शेंगदाण्यांवर होता. त्याने मला फोन केला तो चालू घडामोडींच्या पुस्तकाची पीडीएफ आहे का विचारायला. भूक लागली आहे हे त्याने नवव्या मिनिटाला सांगितलं. ते नववं मिनिट मला पुढे फार उपयोगी पडलं, त्याच्याकडे येतेच. पण तेव्हाच कळलं की उपाशी मुलाला समुपदेशकाचा नंबर देण्यात अर्थ नाही. आधी डबा. मन सांभाळण्याच्या यादीत पहिली ओळ जेवण, दुसरी भाडं, तिसरी डेटा पॅक. त्यानंतर मानसशास्त्र.

आम्ही काय चुकलो

एप्रिलमध्ये आमच्या कॉलेजला उत्साहाचा झटका आला. ताणमुक्तीवर वेबिनार, ध्यानावर वेबिनार, 'लॉकडाउन: एक संधी' यावर वेबिनार, प्रत्येकाला ई-प्रमाणपत्र. सूर्यनमस्कार चॅलेंज. पाककृती स्पर्धा. दोन आठवड्यांत अकरा कार्यक्रम झाले. पहिल्याला दोनशे मुलं होती, शेवटच्याला सतरा, त्यातले सहा प्राध्यापक.

मला हसायचा अधिकार नाही, कारण मी स्वतःही तेच केलं. ठरवलं की ६२ मुलांना दर आठवड्याला फोन करायचा. साधा गुणाकार तेव्हा केला नाही, अकाउंट्सची असून. एका फोनला २० मिनिटं धरली तरी १,२४० मिनिटं, म्हणजे आठवड्याला साडेवीस तासांहून जास्त. वर रोजचे तास, घरचा स्वयंपाक, सासऱ्यांची औषधं. तिसऱ्या आठवड्यात मी फोन वाजला की दचकायला लागले. चौथ्या आठवड्यात एकही फोन केला नाही. आणि ज्या मुलांना दर मंगळवारी माझ्या फोनची सवय लागली होती, त्यांना वाटलं मॅडमही गेल्या.

टिकाऊपणा, टिकाऊपणा म्हणतात तो इथे येतो. सुरू करून बंद पडलेली मदत ही कधी कधी न केलेल्या मदतीपेक्षा वाईट असते. म्हणून मे महिन्यात मी एक नियम घातला: माझ्या सर्वांत वाईट दिवशीही जेवढं जमेल तेवढंच कबूल करायचं. चांगल्या दिवशी जास्त केलं तर ते वरकड.

नवा हिशेब असा होता. मुलांचे पाच-सहा जणांचे गट, आणि गटात पुन्हा जोड्या. जोडीतल्या दोघांनी एक दिवसाआड एकमेकांना फोन करायचा, अभ्यासाचा विषय काढायची सक्ती नाही. दोन वेळा फोन लागला नाही तर गटाच्या कॅप्टनला कळवायचं, त्यालाही लागला नाही तर मला. मी स्वतः प्रत्येक मुलाशी महिन्यातून एकदा बोलायचं, म्हणजे दिवसाला तीन फोन, प्रत्येकी पंधरा मिनिटं, शनिवार-रविवार सुट्टी. रोजचा पाऊण तास. हे मी पुढचं दीड वर्ष केलं. अभिमान म्हणून नाही सांगत, झेपत होतं म्हणून झालं.

पंधरा मिनिटंच का? नवव्या मिनिटामुळे. बहुतेक मुलं पहिली काही मिनिटं सबमिशन, रिझल्ट, नेटवर्क यावरच बोलतात. खरी गोष्ट नंतर येते. पाच मिनिटांत फोन ठेवला तर ती येतच नाही.

विचारायचं काय

'कसं चाललंय?' हा प्रश्न मराठीत निरुपयोगी आहे. त्याचं उत्तर 'बरं चाललंय' एवढंच असतं, घरावर वीज पडली असली तरी. मी तीन साधे प्रश्न विचारायला लागले. काल किती वाजता झोपलास? आज सकाळी काय खाल्लंस? या आठवड्यात घराबाहेरच्या कुणाशी बोललास?

झोपेचा प्रश्न पहिला, कारण टाळेबंदीत सगळ्यात आधी झोपेची घडी विस्कटते. आपल्या शरीरात एक घड्याळ असतं आणि ते सकाळच्या उजेडाने रोज लावलं जातं. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि झोप येते. पंधरा ते वीस वयाच्या मुलांत हे घड्याळ मुळातच थोडं मागे चालतं, रात्री उशिरा झोप आणि सकाळी उशिरा जाग. एरवी सातचं कॉलेज, सकाळची पीएमपी बस, आईची हाक ते ओढून जागेवर आणतात. टाळेबंदीत ही ओढ गेली. वर रात्री दोनपर्यंत मोबाइलचा उजेड तोंडावर. दोन आठवड्यांत मुलं रात्रपाळीवर गेली. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तासांची झोप लागते. मुलं कधी कधी तेवढे तास झोपतही होती, पण पहाटे चार ते दुपारी एक, आणि जेवणाच्या वेळी घरात भांडण.

यावर 'लवकर झोप' हा सल्ला चालत नाही. झोप हुकमावर येत नाही, उठणं मात्र आपल्या हातात असतं. म्हणून उठायची वेळ पक्की करायची आणि उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं उजेडात उभं राहायचं, गच्चीत, गॅलरीत, खिडकीत. आठवडाभरात रात्रीची झोप आपोआप अलीकडे सरकू लागते. तळजाई आणि वेताळ टेकडी बंद असताना पुणेकरांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारल्या, त्याची चेष्टा झाली, पण त्यांनी नकळत बरोबर तेच केलं.

तिसरा प्रश्न कट्ट्याचा. आपण समजतो की मुलांना जिवलग मित्रांची आठवण येते. येतेच. पण जिवलग फोनवर असतात. हरवतात ती अर्धी ओळखीची माणसं: कॅन्टीनचा अण्णा, लायब्ररीत समोर बसणारी मुलगी, पार्किंगवाले काका, झेरॉक्सवाला. दिवसभरात या माणसांशी होणारी दोन-दोन वाक्यं आपल्याला 'मी या जगात आहे' एवढं सांगत असतात. झूमवर हे होत नाही, कारण तिथे वाट वाकडी करून कुणी भेटत नाही. म्हणून आम्ही तासाच्या आधी दहा मिनिटं लिंक उघडी ठेवायला लागलो. शिक्षकाने कॅमेरा-माइक बंद करून चहा प्यायचा, मुलांनी गोंधळ घालायचा. माझ्या मते त्या दीड वर्षातला आमचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला उपक्रम हाच.

कॅमेऱ्याचं भांडण

काही सहकाऱ्यांचा हट्ट होता की कॅमेरा सुरू तरच हजेरी. मुलगा समोर दिसला पाहिजे, नाहीतर झोपून राहतो. अंशतः बरोबर. पण जनता वसाहतीतली माझी एक विद्यार्थिनी दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसांत बसून तास करायची. तिच्यामागे भाऊ कपडे बदलतोय, आई भाकऱ्या थापतेय. ती कॅमेरा का सुरू करील?

ज्यांची घरं मोठी होती त्यांनाही कॅमेरा थकवत होताच. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये याची चार कारणं मांडली. सगळे चेहरे अगदी जवळून आपल्याकडे रोखून पाहतात, दिवसभर स्वतःचाच चेहरा दिसत राहतो, चौकटीत राहायचं म्हणून हलता येत नाही, आणि मान डोलावणं, भुवई उंचावणं हे एरवी सहज कळणारं सगळं मुद्दाम करावं आणि ओळखावं लागतं. उपाय सोपे आहेत: स्वतःची खिडकी लपवणं, मधे पाच मिनिटं फक्त आवाजावर चालवणं, चाळीस मिनिटांनी उठणं.

शाळांसाठी केंद्राने जुलै २०२० मध्ये 'प्रज्ञाता' नावाने मर्यादा सुचवल्या होत्या. पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोन सत्रं, नववी ते बारावीला चार. टीव्हीवर २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही शाळेच्या मुलांसाठीची शैक्षणिक मालिका सुरू झाली, तिचा फायदा हा की ज्या घरात स्मार्टफोन एकच आणि तो वडिलांच्या खिशात, तिथेही ती पोचत होती. कॉलेजला मात्र अशी मर्यादा आम्ही स्वतःला घातलीच नाही. वर्गातलं सहा तासांचं वेळापत्रक उचललं आणि पडद्यावर चिकटवलं.

'च'

मनातल्या बडबडीचं काय करायचं, हेही मुलांना कुणीतरी साधेपणाने सांगायला हवं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मांडली आणि मराठीत ती कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचं सार असं की घटना आपल्याला जेवढा त्रास देते त्यापेक्षा जास्त त्रास त्या घटनेकडून आपण केलेली मागणी देते. आपली भाषा इथे फार सोयीची आहे, ही मागणी एका अक्षरात पकडता येते. 'परीक्षा वेळेवर व्हायला हवी' ही इच्छा. 'परीक्षा वेळेवर व्हायलाच हवी' ही मागणी. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं, मागणी पुरी झाली नाही तर माणूस आतून पेटतो किंवा विझतो. मुलांना मी सांगायचे, डायरीत दोन ओळी लिहा आणि 'च' शोधून खोडा. काहींनी खरंच केलं. एकीने उलट उत्तर दिलं, "मॅडम, तुम्ही पण म्हणता ना, असाइनमेंट शुक्रवारीच हवी." तो 'च' मी खोडला, रविवार केला.

मुलींबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. 'घरीच आहेस ना' या तीन शब्दांनी माझ्या निम्म्या विद्यार्थिनींचं वर्ष खाल्लं. धुणंभांडी करणाऱ्या मावशी बंद, घरात सगळे चोवीस तास, चार वेळचं खाणं, आणि वर्कफ्रॉमहोम फक्त भावाचं. तास चालू असताना मागून हाक यायची. दोघींच्या घरी स्थळं बघणं सुरू झालं, कारण 'कॉलेज तर बंदच आहे'. इथे श्वासाचे व्यायाम शिकवून उपयोग नव्हता. मी पालकांना फोन केला आणि 'दहा ते एक तिची परीक्षेसाठीची उपस्थिती मोजली जाते' असं जरा कडक आवाजात सांगितलं. ते पूर्ण खरं नव्हतं. पण कॉलेजचा फोन आला की घरात तीन तास मिळतात, हा अनुभव आहे.

आपलं काम कुठे संपतं

६२ पैकी बहुतेकांना वरची एवढी व्यवस्था पुरते. काहींवर जरा जास्त लक्ष ठेवावं लागतं: घरात मृत्यू झालेले, नोकरी गेलेल्या घरातले, आधीपासून उपचार घेणारे. आणि अगदी थोड्यांना डॉक्टर लागतो, तिथे शिक्षकाने शहाणपणा करू नये. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज बहुतेक वेळ उदासी, झोप-भूक पार बिघडलेली, आवडीच्या गोष्टीतही रस नाही, 'मी सगळ्यांना ओझं आहे' अशी भाषा, आपल्या वस्तू वाटून टाकणं, ही चिन्हं दिसली की थांबायचं नाही.

अशा वेळी थेट विचारावं: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो, ही भीती खोटी आहे. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही, उलट विचारल्यावर मुलं मोकळी होतात. उत्तर 'हो' आलं तर मुलाला एकटं सोडायचं नाही, घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगायचं आणि उपचारापर्यंत नेऊन पोचवायचं. 'कुणाला सांगू नका' असं वचन मात्र द्यायचं नाही. २०२० च्या २१ जुलैला केंद्राने विद्यार्थ्यांच्या मनाच्या आधारासाठी 'मनोदर्पण' हा उपक्रम सुरू केला. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे: १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही. अठराच्या आतल्या मुलासाठी १०९८ ही बाल हेल्पलाइन. हे दोन्ही नंबर माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहेत.

दुसरी लाट आली तेव्हा, एप्रिल २०२१ मध्ये, माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील गेले. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा, मोठा भाऊ स्वतः दवाखान्यात. चौथ्या दिवशी त्याच्या मोबाइलवर आमच्या कॉलेजचा आपोआप जाणारा मेसेज पोचला: आपली उपस्थिती ७५ टक्क्यांपेक्षा कमी आहे, पालकांनी संपर्क साधावा. त्याने तो मला नुसता फॉरवर्ड केला, खाली काही लिहिलं नव्हतं. त्यानंतर आमच्याकडे एक गोष्ट बदलली. आपोआप जाणारा कुठलाही मेसेज आधी मेंटॉरकडे येतो, आणि तो 'पाठवा' म्हणेल तरच पुढे जातो. याला खर्च शून्य आला. आधी का सुचलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

राहिला प्रश्न सांभाळणाऱ्यांचा. रात्री आठनंतर माझा फोन सहकारी घ्यायची, तिचा मी सकाळी. आम्ही एक सामाईक वही ठेवली, त्यात फक्त एवढंच: कुणाशी कधी बोलणं झालं, पुढे काय करायचंय. मुलाने विश्वासाने सांगितलेलं त्यात लिहायचं नाही. मला स्वतःला मे २०२१ मध्ये कोविड झाला तेव्हा सतरा दिवस वही तिने चालवली आणि एकाही मुलाचा फोन चुकला नाही. जी व्यवस्था एका माणसाच्या चांगुलपणावर उभी असते ती त्या माणसाबरोबर आजारी पडते. आमची पडली नाही.

२०२१ च्या ऑक्टोबरात कॉलेजं उघडली. २०२० ला प्रवेश घेतलेली मुलं दुसऱ्या वर्षात होती आणि त्यांना कॅन्टीन कुठे आहे हे माहीत नव्हतं. गेटवर ओळखपत्रं तपासायला मी उभी होते. मास्क लावलेल्या दोन मुली शेजारून चालल्या होत्या, एकीने मला हाक मारून काहीतरी विचारलं, आणि दुसरी तो आवाज ऐकून जागीच थांबली. वर्षभर एक दिवसाआड फोन केलेली जोडी होती ती. "अगं," ती म्हणाली, "तू एवढी उंच असशील असं वाटलंच नव्हतं."